पहिला हात माझा

आमच्या कॉलनीच्या सांस्कृतिक कार्यक्रमात एका माणसाचा जबडा मोडला. त्याला मारणारे वीस-पंचवीस जण होते, पण पहिला हात माझा होता. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी तसंच सांगितलं आणि इथंही तिथूनच सुरुवात करतो, म्हणजे वाचणाऱ्याचा माझ्याबद्दल उगीच चांगला समज व्हायला नको.

मी कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. तीस वर्षं वितळलेल्या लोखंडापुढं उभा राहिलो. त्याआधी तालमीत होतो. तिथं कुस्ती थोडी शिकलो आणि मारामारी जास्त. आमच्या वडिलांचा हात सुटायचा, आणि माझाही सुटतो हे लोक कौतुकानं सांगायचे. "तेच्या नादाला लागू नकोस, हात लई जड हाय तेचा," असं कुणी माझ्यामागं बोललेलं कानावर आलं की मला आतनं बरं वाटायचं. लग्नाच्या वरातीत, निवडणुकीत, गणपतीत, जिथं म्हणून माणसं जमली तिथं मी कुणाच्या तरी कानाखाली दिलेली आहे. बायकोवर कधी हात टाकला नाही. पोरीवर एकदा टाकला. एकदाच, असं मी म्हणतो. तिला विचारलं तर ती दोनदा म्हणेल.

तो टाकला तो लावणीवरनंच. पोरगी बारावीला होती. क्लासला जाते म्हणून सांगायची आणि त्यातले दोन दिवस एका बाईंकडं लावणी शिकायला जायची. हे बायकोला माहीत होतं, मला नव्हतं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत कामावरच्या एकानं मोबाईल पुढं केला. "ही तुमचीच न्हवं?" छोट्या हॉलमध्ये नऊवारी नेसून माझी पोरगी नाचत होती, आणि खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते मी सगळं वाचलं. घरी आलो, चप्पल न काढता आत गेलो आणि तिला मारलं. तिची चाळ, म्हणजे पायात बांधायचे घुंगरांचे पट्टे, कपाटातनं ओढून काढली आणि मागच्या गटारात टाकली. पोरगी रडली नाही. बायको आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी शिलाईच्या पैशातनं नवी चाळ आणली आणि माझ्या देखत देवाजवळ ठेवली. ती मी फेकली नाही. माझी सुधारणा झाली ती एवढीच.

त्यानंतर दोन वर्षांनी कॉलनीचा कार्यक्रम ठरला. दरवर्षी संक्रांतीनंतर कॉलनीच्या मैदानावर होतो. लहान मुलांचे नाच, बायकांच्या फुगड्या, कुणीतरी माईकवर जुनी गाणी म्हणतं, आणि सगळ्यांना मटणाचं जेवण. त्या वर्षी एका तालमीच्या पोरांचे मर्दानी खेळ ठेवले होते, आणि शेवटी लावणी. लावणी माझ्या पोरीची. कमिटीनं मला न विचारता तिचं नाव घातलं होतं. बायकोनं ते मला सांगितलं तेव्हा भाकरी थापत होती, वर बघितलं नाही.

"तुम्ही बंदोबस्ताला हाय न्हवं? मग उभं ऱ्हावा तिथंच. कोण काय करतंय बघा."

बंदोबस्त माझ्याकडं दरवर्षीच असायचा. हात जड म्हणून.

त्या दिवशी सकाळपासनंच माझं डोकं तापलेलं होतं. साऊंडवाला दोन तास उशिरा आला आणि वर तोंड करून बोलला, त्याची कॉलर धरून मी त्याला त्याच्याच टेम्पोवर आदळलं. सहाच्या सुमारास शेजारच्या गल्लीतले दोघं पिऊन आले आणि खुर्च्यांवरनं उड्या मारायला लागले. एकाला मी गेटपर्यंत फरफटत नेलं, दुसऱ्याच्या पोटात गुडघा घातला. कमिटीचे अध्यक्ष माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "ह्याला म्हणतात बंदोबस्त." मी हात धुतले आणि पंगतीत वाढायला गेलो.

मैदानाच्या एका कडेला स्टेज होतं आणि त्याच्या डाव्या बाजूला, दहा-बारा पावलांवर, जेवणाची व्यवस्था. तीन मोठ्या गॅसच्या शेगड्या, एकीवर मटण, एकीवर पांढरा रस्सा, एकीवर तांबडा. स्टेजच्या इतक्या जवळ शेगड्या नकोत असं बायकोनं दोनदा सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही. महिला मंडळाची रश्शाची जबाबदारी तिच्याकडं होती.

पहिल्या पंगतीत मी ज्यांना वाढलं त्यात समोरच्या इमारतीतल्या वैनींचा भाऊ होता. गडहिंग्लजच्याही पुढं, अगदी कर्नाटकाच्या शिवेवर त्यांचं गाव. साठीचा माणूस, पांढरा शर्ट-पायजमा, डोक्यावर टोपी, आणि बहिणीला दर वाक्याला 'अक्का' म्हणायचा. बहिणीकडं दोन दिवस राहायला आला होता. पहिल्यांदाच बघत होतो मी त्याला.

"पावणं, लाजू नका. घ्या की अजून," मी म्हटलं.

"लाजतंय कोण?" तो हसला. बायकोकडं बघून म्हणाला, "वैनी, रस्सा म्हंजे रस्सा झालाय बगा. आमच्याकडं तिखट घालत्यात, पर ही चव न्हाय."

मी त्याला आणखी दोन वाट्या रस्सा वाढला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे केलं ते एका अनोळखी माणसाला केलं असं मला म्हणता येत नाही. तासाभरापूर्वी मी त्याला जेवू घातलं होतं.

मर्दानी खेळ जोरात झाले. पोरांनी लाठ्या फिरवल्या, दांडपट्टे काढले. एकाच्या मानेवर लिंबू ठेवून दुसऱ्यानं तलवारीनं चिरलं. ढोल-हलगीनं मैदान दणाणत होतं. पुढं बसलेली कॉलनीची तरणी पोरं उठून उभी राहिली होती, ओरडत होती, एकमेकांच्या पाठीत बुक्के घालत होती. खेळ संपला तरी ती खाली बसली नाहीत. अंगात काहीतरी चढलेलं असतं ना, तसं सगळ्या मैदानाच्या अंगात चढलं होतं. माझ्याही.

मग माझी पोरगी आली.

खरं सांगतो, तिला समोर नाचताना मी त्याआधी बघितलंच नव्हतं. हिरवी नऊवारी, तिच्या आईनं नेसवलेली. पहिल्या ठेक्याला तिनं पाय आपटला आणि मैदान गप्प झालं. ती चांगली नाचते हे मला त्या क्षणी कळलं. पण ते कळून मी काय केलं, तर तिच्याकडं बघायचं सोडून माणसांकडं बघायला लागलो. कोण मोबाईल धरून आहे, कोण कुणाच्या कानात बोलतंय, कोण हसतंय. शिट्ट्या सुरू झाल्या. प्रत्येक शिट्टीला माझी मूठ आवळत होती. अख्ख्या लावणीत मी पोरीकडं बघितलं असेल मिनिटभर. बाकी वेळ मी मारायला माणूस शोधत होतो, हे मला आता कळतं.

तो पावणा उठला. टोपी काढून त्यानं हवेत उडवली, तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली आणि खुर्च्यांमधनं वाट काढत स्टेजपाशी आला. हातात शंभराची नोट. स्टेजच्या कडेशी उभं राहून त्यानं ती नोट पोरीवरनं ओवाळली. मग तो वाकला आणि हात पुढं केला, तिच्या पायाजवळ.

मला तो हात तिच्या घोट्याकडं जाताना दिसला.

मी दोन उड्यांत पोचलो. डाव्या हातानं त्याचा खांदा धरून फिरवला आणि उजव्याची मूठ जबड्यावर घातली. आवाज आला. फाउंड्रीत साचा तडकतो तसा कोरडा आवाज. त्याला काय झालं ते कळलंही नाही, तो माझ्याकडं बघत होता, ओळखीच्या माणसाकडं बघावं तसं. मी दुसरी घातली. तो गुडघ्यावर आला. तिसरी कानावर घातली.

मागनं कुणीतरी ओरडलं, "पोरीला हात लावला रे त्यानं!" ते कुणी म्हटलं ते आजपर्यंत कळलेलं नाही. पण ते म्हटल्याबरोबर ती उभी असलेली सगळी पोरं आमच्यावर आली. त्यातल्या निम्म्यांना कुणाला मारायचं आणि कशासाठी हेही ठाऊक नव्हतं. लाथा, बुक्के, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. एकानं मर्दानी खेळाची लाठी उचलली होती. मी त्या माणसाच्या अंगावर वाकलेला होतो आणि त्याला वाचवायला वाकलो नव्हतो, अजून एक घालायला वाकलो होतो. पाठीवर दोन-चार मलाही बसल्या. तो सरपटत शेगड्यांच्या बाजूला निघाला आणि सगळी झुंबड त्याच्या मागं सरकली. पाठीमागच्यांनी पुढच्यांना रेटलं. एक पोरगा तोल जाऊन तांबड्या रश्शाच्या शेगडीवर आदळला.

पातेलं कलंडलं. मला वाफ दिसली आणि मग बायकोचा आवाज ऐकू आला. तसला आवाज मी कामावर दोनदा ऐकलाय.

तरीही माझा हात वर होता. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. बायको ओरडली तेव्हा मी त्या माणसाची मान धरून हात उगारला होता आणि तो तसाच राहिला. तेवढ्यात माझ्या मनगटात कळ गेली. पोरगी स्टेजवरनं उडी मारून आली होती आणि तिनं माझ्या मनगटाला चावा घेतला होता. नुसता धरला नव्हता, दात पार आत घातले होते. तोंडाला रक्त लागलेलं, कपाळावरची चंद्रकोर पुसलेली, आणि ती सोडायला तयार नव्हती. मी हिसका दिला तेव्हा तिनं सोडलं आणि म्हणाली, "आईकडं बघा."

बायको खाली बसली होती. दोन्ही पायांवर, घोट्यापासनं पार गुडघ्याच्या खालपर्यंत तो तेलाचा लाल तवंग चिकटला होता. भोवती बायका जमल्या. कुणी टूथपेस्ट आणा म्हणालं, कुणी हळद, कुणी तूप. भाजल्यावर पहिलं पाणी, गार पाणी, दुसरं काही नाही, हे मी दर महिन्याला नव्या कामगारांना शिकवतो. मला ते तोंडातनं काढता आलं नाही. मी उभा होतो.

पाणी कुणी घातलं, तर त्या पावण्यानं. जबडा एका बाजूला लोंबत होता, शर्ट पुढनं लाल झाला होता. तो चार पायांवर रांगत गेला, पिण्याच्या पाण्याचा भरलेला जार त्यानं ओढत आणला आणि बायकोच्या पायांवर कलता केला. एक संपला तसा त्यानं दुसऱ्याकडं हात केला. तेव्हा कुठं बायका हलल्या आणि बादल्या आल्या. मग तो तिथंच आडवा झाला.

साऊंडवाल्याचा टेम्पो होता, त्यात दोघांनाही घातलं. ज्याला मी सकाळी त्याच टेम्पोवर आदळलं होतं, तोच चालवत होता. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला तो पावणा, त्याचं डोकं त्याच्या अक्काच्या मांडीवर, आणि मधे मी. समोरच्या वैनी सारखं एकच विचारत होत्या.

"काय केलतं हो तेनं? भावजी, सांगा की. काय केलतं तेनं तुमचं?"

मी म्हटलं, "पोरीच्या पायाला हात लावत होता."

वैनींनी माझ्याकडं बघितलं. "नोट ठेवत हुता. आमचा बाप ढोलकी वाजवायचा तमाशात. नाचणारीनं मन जिकलं की ओवाळून नोट पायापाशी ठेवायची आणि वाकून नमस्कार करायचा, हे बापानं शिकवलं हुतं आमास्नी. देवळात करतोय तसा नमस्कार. तेवढंच करत हुता तो."

टेम्पो खड्ड्यातनं जायचा तेव्हा बायको आणि तो माणूस दोघंही एकदम कण्हायचे. पोरगी मागच्या फळीला टेकून उभी होती. चाळ काढायला कुणाला सुचलं नव्हतं. दवाखान्यात पोचलो तेव्हा ती पळत पुढं गेली आणि घुंगरांच्या आवाजानं सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

डॉक्टरांनी सांगितलं, बायकोचे पाय बरे होतील, पण दोन महिने लागतील आणि डाग राहतील. पावण्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता, तारा बांधाव्या लागणार होत्या. दोन दात गेले होते. डाव्या कानाचा पडदा फाटला होता.

तासाभरात कमिटीचे चौघं आले. अध्यक्षांच्या हातात कागद होता. मला जिन्याखाली नेलं.

"हे बघ, पोलीस येत्यात. पोरं अडकत्यात आपली. सगळी शिकल्याली पोरं हायत, एक तर आर्मीच्या भरतीला निघालाय. तेंच्या आयुष्याचं वाटोळं हुईल. म्हणून आमी लिहून आणलंय. ह्या माणसानं तुझ्या पोरीचा हात धरला, पदराला हात घातला, म्हणून पब्लिकनं चोप दिला. तू सही कर, पोरीची पण घे. मग तेच तक्रार करायचे न्हाईत."

कागदावर सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. कुठल्या हातानं पदर धरला तेही. मी पेन घेतलं. खोटं कशाला सांगू, मी सही करणार होतो. माझ्या मनात आलं, की हे असंच झालं असतं तर किती बरं झालं असतं. मग माझ्या मुठीला अर्थ आला असता.

पोरगी मागं येऊन उभी राहिली होती, ते मला दिसलं नव्हतं. तिनं कागद माझ्या हातनं घेतला, वाचला आणि परत दिला.

"त्या माणसानं मला हात लावला न्हाई," ती म्हणाली.

अध्यक्ष म्हणाले, "बाळ, तुला कळत न्हाई. तू नाचत हुतीस. तुझं लक्ष नसंल."

"माझंच लक्ष होतं काका. मी त्यांच्याकडंच बघत होते. ते उभे राहिले तेव्हा मला किती बरं वाटलं, तुम्हाला सांगून कळायचं न्हाई." मग माझ्याकडं वळली. "पप्पा, तुम्ही सही केलीसा तर मी पण तक्रार देणार. मला मारणारा माणूस कोण, ते पोलिसांना सांगणार. दोन्ही येळचं."

आवाज चढवला नव्हता तिनं. मनगटातनं माझं रक्त कागदावर पडत होतं. मी पेन अध्यक्षांच्या खिशाला परत लावलं.

हवालदार आले तेव्हा मी सांगितलं, पहिला हात माझा. का मारलं म्हणाले. मी म्हटलं, मला वाटलं म्हणून. अजून कोण कोण होतं, असं विचारलं तेव्हा ज्यांना मी माझ्या डोळ्यांनी मारताना बघितलं त्या चौघांची नावं दिली. बाकीचे मी बघितले नव्हते. त्या रात्री मला ठाण्यात बसवलं, दुसऱ्या दिवशी कोर्टात जामीन झाला. केस अजून चालू आहे. माझ्या वकिलानंही ती पदराची गोष्ट एकदा काढून बघितली. मी नको म्हटल्यावर त्यानं फाईल मिटली आणि म्हणाला, "मग शिक्षेची तयारी ठेवा."

कॉलनीत आम्ही राहू नये असं सगळ्यांनी ठरवलं असावं. माझ्या गाडीची सीट ब्लेडनं फाडली. खिडकीवर दगड आले, त्यातला एक बायकोच्या पलंगापाशी पडला, ती पाय वर टांगून झोपलेली असताना. दारात मेलेली घूस टाकली. ज्यांची नावं मी दिली त्यातल्या एकाचा बाप, माझ्याबरोबर तालमीत असलेला, मला दूध डेअरीपाशी भेटला. त्यानं माझ्या तोंडात मारली. पिशवी फुटली, दूध अंगावर सांडलं. लोक थांबले. सगळ्यांना वाटलं, आता हा ह्याला आडवा करणार. मलाही तसंच वाटलं. तो माझ्यापेक्षा बारीक होता. मी हात वर उचलला आणि मला तो कोरडा आवाज ऐकू आला, साचा तडकल्याचा. हात खाली घेतला. त्यानं दुसरी मारली.

"मार की! आता का मारत न्हाईस?"

मी दुसरी पिशवी घेऊन घरी आलो. मला शहाणपण आलं असं कुणी समजू नये. घरी येऊन मी न्हाणीघराचं दार बंद केलं आणि भिंतीवर मुठी मारल्या. चार बोटं सुजली.

महिन्याभरानं मी एसटीनं गडहिंग्लजला गेलो, तिथनं वडापच्या जीपनं त्यांच्या गावाला. बायकोनं सांगितलं होतं म्हणून. ती म्हणाली, "माझ्या पायावर पाणी घातलंय त्या माणसानं. तुम्ही जाणार न्हाईसा तर मी जाईन, ह्या पायांनी." वैनींनी पत्ता दिला, पण माझ्याबरोबर आल्या नाहीत.

तो ओसरीवर बसला होता. जबडा तारांनी बांधलेला, दात आवळलेले. गळ्यात टॉवेल आणि हातात पातळ पेजेचा ग्लास. वाळला होता. मला बघून त्यानं ग्लास खाली ठेवला आणि दोन्ही हात तोंडापुढं आणले. मी दहा फुटांवर होतो, हात जोडून उभा, आणि तो माणूस मार चुकवायला हात वर घेत होता. त्यानं ते मुद्दाम केलं नाही. झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं आणि त्यानं हात खाली घेतले.

मी ओसरीच्या खालीच बसलो. चुकलो म्हटलं. माझी चूक मी पोलिसांना सांगितलीय म्हटलं. दवाखान्याचं जे काही असेल ते मी बघतो म्हटलं. तो दातांतनं बोलला, मला दोनदा विचारावं लागलं.

"वैनीचं पाय कसं हायत?"

"बरं हाय. चालाय लागलीय."

"पोरगी?"

"घरात हाय. बोलत न्हाई माझ्याशी."

त्यानं मान हलवली. त्याची बायको आतनं पाण्याचा तांब्या घेऊन आली, माझ्यापुढं ठेवला आणि उभी राहिली.

"पाणी प्या," ती म्हणाली, "आणि जावा. तक्रार आमी माघारी घेणार न्हाई. तेस्नी आता हलगी वाजली तरी घाम फुटतोय. तुमी माफी मागाय आलासा, मागितलीसा. आमच्याकडनं माफी न्हाई."

त्यानं तिला गप्प केलं नाही. मी पाणी प्यालो. उठताना पाया पडायला पुढं झालो तर त्यानं पाय मागं घेतले. परतीच्या गाडीत मला राग आला, हेही सांगतो. एवढ्या लांब आलो आणि चहासुद्धा नाही, असं मनात आलं. गारगोटीचा फाटा गेला, कागल गेलं, तेव्हा तो राग उतरला आणि मला त्याचे तोंडापुढं आलेले हात परत दिसले. ते अजून दिसतात.

बायकोच्या पायांचं ड्रेसिंग मीच करायचो, रोज सकाळी कामावर जायच्या आधी. जुनी पट्टी ओली करून सोडवायची, मलम लावायचं, नवी बांधायची. ती दात आवळून भिंतीकडं बघायची. एकदा मी म्हटलं, "दुखतंय का?" ती म्हणाली, "दुखतंय. तुमचा हात जड हाय." मी बोटं हलकी करायला शिकलो. जमायला पंधरा दिवस लागले.

पोरगी वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलली. नाचणं तिनं सोडलं नाही. आठवड्यातनं तीनदा क्लासला जायची, आणि मी असलो तरी चाळ पिशवीत न लपवता हातात घेऊन जायची. कॉलनीतनं जाताना लोक दारं लावायचे म्हणे. ती हळू चालायची.

परवाच्या दिवाळीनंतर एकदा ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"इचलकरंजीला कार्यक्रम हाय माझा. थिएटरात, तिकीट लावून. आई येणार हाय."

मी म्हटलं, "बरं. मी रजा टाकतो."

"तुम्ही येऊ नका."

बायको आत भांडी घासत होती, तिचे हात थांबले. मी पोरीला विचारलं, "अजून विश्वास न्हाई व्हय?"

"तसं न्हाई. तुम्ही खाली बसलासा तर मी तुमच्याकडंच बघत बसणार. कोण उठलं, तुम्ही कुठं बघालायसा, हेच. मला नाचायचंय पप्पा."

मी बरं म्हटलं.

त्या दिवशी चार वाजता दोघी गेल्या. बायकोच्या पायात मोजे होते, ती आता बाहेर जाताना घालते. मी घरी थांबलो. टीव्ही लावला, बंद केला. गच्चीवर जाऊन आलो. सात वाजता वाटलं आता उभी राहिली असेल. तिथं कोण बसलं असेल, कसली माणसं असतील, असं डोक्यात यायला लागलं तसा उठलो आणि पीठ मळायला घेतलं. चपात्या वाकड्या झाल्या, बटाट्याची भाजी केली ती तळाला लागली.

साडेदहाच्या सुमारास दोघी परत आल्या. पोरीच्या तोंडाकडं बघूनच कळलं, चांगलं झालंय. मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. तिनं ताट वाढून घेतलं आणि आईशी बोलत बोलत जेवायला बसली. कुठल्या कडव्याला काय झालं, ढोलकीवाला कुठं चुकला, सगळं आईला सांगत होती. मी तिथंच भिंतीला टेकून बसलो होतो. मध्येच तिनं भाजीचं पातेलं माझ्याकडं सरकवलं, आणि परत आईकडं वळून बोलायला लागली.